बसवलेला गुडघा

माझं लग्न माझ्या उंचीवर जमलं. बेळगावात आमच्या घरी मी वडिलांपेक्षाही उंच होते. बघायला येणारी मंडळी मला उभी राहा म्हणत आणि मी उभी राहिले की चहा अर्धा टाकून निघत. आईनं मला जरा वाकून चालायची सवय लावली होती, त्या सवयीचा त्रास मला अजून होतो. मग बंगळूरहून स्थळ आलं. मुलगा सरकारी कारखान्यात, बास्केटबॉल खेळतो, पेपरात फोटो येतात आणि इतका उंच की त्यालाही मुलगी मिळेना. बास्केटबॉल कशाशी खातात हे आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं. वडील म्हणाले, "काय का खेळेना, उंच आहे ना? मग झालं तर." पन्नास-साठ सालांच्या अधेमधे, अशा रीतीनं मी बंगळूरला आले.

आमच्या काळी नवऱ्याचं नाव घेत नसत. मी कधी घेतलं नाही, इथेही घेणार नाही. साऱ्या शहरानं ते पुष्कळ घेतलंय. लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांचा सामना बघायला गेले तेव्हा झाडांवर, कुंपणावर, शेजारच्या गिरणीच्या छपरावर माणसं चढून बसली होती आणि सगळी मिळून एकच नाव ओरडत होती. त्या सगळ्या गर्दीत गप्प बसलेली मी एकटीच. माझ्या बाजूला बसलेली बाई मला कानडीत म्हणाली, "तुम्हाला तो आवडत नाही वाटतं?" मी काय सांगणार!

ह्यांचं घर बळेपेठेच्या मागच्या गल्लीत होतं. पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठीच, पण अशी मराठी की पहिले काही दिवस मला वाटे माझी टिंगल चालली आहे. "स्वल्प सरक की गे," असं सासूबाई म्हणत आणि माझं बोलणं संपलं की "सरी, जेव तर." स्वल्प म्हणजे जरा आणि सरी म्हणजे बरं, हे मला मागाहून कळलं. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत आणि सासऱ्यांना अण्णा. मीही तसंच म्हणू लागले. घराचं दार बुटकं. मी आणि हे दोघंही वाकून आत शिरायचो. एकदा एकाच वेळी शिरताना आमची डोकी आपटली, तेव्हा अक्का पोट धरून हसल्या होत्या. त्या घरात पुढे हसू फार कमी झालं, म्हणून ते लक्षात राहिलं असावं.

अण्णा गल्लीच्या टोकाच्या गरडीचे उस्ताद. गरडी म्हणजे तालीम, आत तांबडी माती, तेलाचा वास आणि शेंदूर फासलेला मारुती. पण पेठेत अण्णांचं नाव कुस्तीपेक्षा हाडांसाठी जास्त होतं. दिवस उजाडताच आमच्या ओट्यावर माणसं येऊन बसत. बाजारातले हमाल, जटकावाले म्हणजे टांगेवाले, पोलीस, झाडावरून पडलेली पोरं, एकदा तर कोट घातलेले वकीलसाहेबसुद्धा. अण्णा तेलाचा हात फिरवत, डोळे मिटत, बोटांनीच काहीतरी शोधत, आणि माणूस बोलण्यात गुंतला की एकदम झटका देत. माणूस ओरडे आणि मग हसायला लागे. ह्यासाठी अण्णा कुणाकडून नारळसुद्धा घेत नसत. "हात देवाचे आहेत," एवढंच म्हणत. मला त्या हातांचं कौतुक होतं, खोटं कशाला बोलू?

मुलानं मात्र कुस्ती सोडून बास्केटबॉल धरला हे अण्णांना रुचलं नव्हतं. "उड्या मारायचा खेळ," असं ते म्हणायचे. पण त्या उड्या गरडीतूनच आल्या होत्या. लहानपणापासून अण्णांनी ह्यांच्याकडून बैठका काढून घेतल्या होत्या, मांड्या लोखंडी करून ठेवल्या होत्या. तो खेळ तेव्हा मातीवरच चाले. दुपारी खेळाडूच मैदानावर पाणी मारत, रूळ ओढत, चुन्याच्या रेघा आखत, आणि संध्याकाळी तारेवर दिवे लावून सामना होई. हे टोपलीकडे पाठ करून उभे राहत. चेंडू हातात आला की क्षणभर काहीच करत नसत. समोरचा जरा बेसावध झाला की उजव्या पायावर गर्रकन वळत आणि वर जात. खाली येईपर्यंत लोक श्वास रोखत. अण्णा खुर्चीवर कधी बसले नाहीत. कुंपणाबाहेर फेटा बांधून उभे राहायचे आणि सामना संपायच्या आत निघून जायचे. हे घरी आले की विचारायचे, "काय, झाला का उड्यांचा खेळ?" सगळं बघून आलेला माणूस!

कारखान्यानं ह्यांना खेळासाठीच ठेवून घेतलं होतं. सकाळी हजेरी लावायची, दुपारी सरावाला जायचं. राज्याकडून खेळले, राष्ट्रीय स्पर्धेत खेळले, परक्या देशातला संघ इथे आला तेव्हा त्याच्याशीही खेळले. रस्त्यानं जाताना माणसं सायकलवरून उतरून बोलत. हॉटेलात गेलो की मालक स्वतः टेबल पुसायचा. एवढं होऊनही भारतीय संघाच्या शिबिराचं बोलावणं येत नव्हतं. दर वेळी कुणीतरी दुसऱ्या गावचा पुढे जायचा. त्या दिवसांत ह्यांच्या ताटात वाढलेलं तसंच राहायचं. अक्का मंगळवारी बनशंकरीच्या देवळात जाऊन राहुकाळात लिंबाच्या सालीत दिवे लावायच्या. आणि अखेर बोलावणं आलं. अण्णांनी सबंध गल्लीला पेढे वाटले आणि कशाचे म्हणून विचारलं की सांगितलं, "असेच."

शिबिराला अजून दोनेक महिने होते. कारखान्यांच्या आपापसातल्या सामन्यात ह्यांनी उडी घेतली आणि खाली येताना पाय दुसऱ्याच्या पावलावर पडला. मी समोरच होते. आवाज मी ऐकला नाही, पण ह्यांचा चेहरा पाहिला. त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गुडघा हलवून पाहिला आणि स्पष्ट सांगितलं की आतला बंध फाटलाय. प्लास्टर घालू, कदाचित ऑपरेशन करावं लागेल, यंदाचा खेळ विसरा.

तेवढ्यात अक्कांना घेऊन अण्णा आले. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, चादर बाजूला केली, अंगठ्यानं गुडघ्याभोवती दाबून पाहिलं. "बंध काय नि फिंध काय," ते म्हणाले, "सांधा सरकलाय. घरी चल. शिबिराला जाशील."

मी नवी सून. तरी बोलले. "अण्णा, डॉक्टर म्हणतात तसं करून बघू या की." अण्णा खाटेखाली ह्यांच्या चपला शोधू लागले. उत्तर अक्कांनी दिलं, तेही हळूच, मला बाजूला घेऊन. "सगळ्या पेठेची हाडं ह्यांच्या हातानं बसली गे. आणि पोटचा पोरगा दवाखान्यात पडला, तर उद्या आपल्या ओट्यावर कोण येईल?"

बाजूला घेतलं तरी खोली लहान होती. ह्यांनी ते ऐकलं. ते खाटेवरून उठून बसले आणि म्हणाले, "चला अण्णा."

ह्यावर मी आयुष्यभर विचार केलाय. वडिलांच्या नावासाठी ते उठले, की डॉक्टर 'यंदा नाही' म्हणाले आणि अण्णा 'जाशील' म्हणाले म्हणून उठले? मला वाटतं दोन्ही. पण मी रागावते तेव्हा मला फक्त पहिलंच आठवतं.

घरी अण्णांनी उडीद वाटून, अंड्याच्या पांढऱ्यात कालवून लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या, वरून कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या. सूज उतरली तसं तेल सुरू झालं. मी रोज तेल गरम करून द्यायची. त्यांचा लेकावर किती जीव होता ते मला तेव्हा दिसलं. त्यांना तोंडानं 'बाळ' म्हणता येत नसे, पण गुडघ्यावरून हात फिरवताना त्यांचे ओठ हलत, बहुधा मारुतीचं काहीतरी म्हणत असावेत. तेलानंतर बैठका आल्या. पहिलवानाचा गुडघा आखडला की बैठका काढूनच मोकळा करायचा, ही गरडीची रीत. अण्णा गरडीच्या मातीत समोर उभे राहून ह्यांचे दोन्ही हात धरत आणि "बस, ऊठ, बस, ऊठ" म्हणत. ह्यांच्या कपाळावरून घाम माती भिजेल इतका गळे. दुखतंय का असं मी विचारलं तर म्हणत, "दुखायलाच पाहिजे. आतलं सुटतंय."

आणि हे चालू लागले. काठी टाकून, ताठ. गल्लीतली माणसं दारात येऊन बघत होती. गरडीतल्या पोरांनी अण्णांच्या गळ्यात हार घातला. त्या दिवशी अण्णा पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलले, "काय, बघितलंस डॉक्टरचं?" मीही हसले. मलाही खरंच वाटलं होतं की मीच मूर्ख. आम्ही सगळी स्टेशनवर जाऊन ह्यांना शिबिराला निरोप देऊन आलो.

ते लौकरच परत आले. गाडीतून उतरताना आधी पिशवी खाली ठेवली, मग दांडा धरून डावा पाय, आणि मग उजवा पाय हातानं उचलून. आम्ही काही विचारायच्या आतच ते बोलू लागले. शिबिरातल्या सभागृहाची फरशी ओली होती, कुणीतरी पाणी सांडलं होतं, आपण घसरलो, गुडघा नव्यानं गेला. अगदी पाठ केल्यासारखं. ह्या माणसाला एरवी दहा वेळा विचारावं तेव्हा एक वाक्य यायचं. मला तिथेच कळलं की हे खोटं आहे.

मला त्यांनी लालबागेत सांगितलं, एका दुपारी, दगडी बाकावर. फरशी कोरडी होती. धक्का द्यायलाही जवळ कुणी नव्हतं. पहिल्याच सरावात ते चेंडू घेऊन वळले, अंग वळलं आणि पाय मागेच राहिला. शिबिरातल्या डॉक्टरांनी पाहून विचारलं, हा आधी फाटला होता तेव्हा प्लास्टर का घातलं नाही? ह्यांनी बैठकांचं सांगितलं तेव्हा त्या माणसानं डोक्याला हात लावला. जे थोडं उरलं होतं ते बैठकांनी घासून संपवलं होतं. आता ऑपरेशन करूनही चालण्यापुरता गुडघा मिळाला असता, खेळण्यापुरता नाही.

"अण्णांना सांगायचं नाही," हे म्हणाले.

"का म्हणून नाही?"

"त्यांचं सगळं त्या हातांतच आहे. माझं गेलं ते गेलं. दोघांचं कशाला घालवायचं?"

मी शब्द दिला. असले शब्द बायकांकडून फार सहज घेतात आणि मग ते पाळायचं काम आमच्या गळ्यात पडतं.

पाळणं अवघड गेलं ते अण्णांमुळेच. ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ते लेकाचं उदाहरण देत. "दवाखान्यात कापणार होते त्याला. मी ह्या हातानं बसवला, पळायला लावला. तिथे जाऊन पुन्हा मोडून घेतला, त्याला मी काय करू? उड्यांचा खेळ!" हे आतल्या खोलीत बसून ऐकत असायचे. एखादा माणूस आत डोकावून विचारायचा, "खरं का हो?" आणि हे म्हणायचे, "हो तर. अण्णांच्या हाताला गुण आहे." मी स्वयंपाकघरात भांडी आपटायची. अक्का म्हणायच्या, "स्वल्प हळू की, फुटतील." फुटू देत, असं मला वाटायचं.

कारखान्यानं काढून टाकलं नाही, हे चांगलं केलं म्हणायचं. पण ज्या माणसानं हजेरी लावून खेळायला जाण्यापलीकडे तिथे काही केलं नव्हतं, त्याला कुठलंच काम येत नव्हतं. त्यांना हत्यारं देण्याच्या खिडकीत बसवलं. कामगार येऊन मागेल तो पाना द्यायचा, संध्याकाळी परत घ्यायचा. खिडकी बुटकी होती, त्यामुळे बाहेरून त्यांचं तोंड दिसत नसे, फक्त हात दिसत. सुरुवातीला नवी मुलं मुद्दाम वाकून विचारत, तुम्हीच का ते? ह्यांना त्याचा त्रास व्हायचा. पुढे मुलं विचारेनाशी झाली, तेव्हा ते घरी येऊन जास्त गप्प बसू लागले.

मैदानाकडची वाट त्यांनी सोडली. बाजारात जायचं तरी लांबच्या गल्लीनं जायचे. सरावाची वेळ झाली की घरात त्यांचा जीव रमत नसे. भरलेला हंडा ओतून पुन्हा भरायचे, वाळलेले कपडे काढून पुन्हा दोरीवर घालायचे. पूर्वीचे सोबती यायचे, पंच म्हणून तरी ये म्हणायचे. हे चहा पाजून त्यांना वाटेला लावायचे. हळूहळू तेही यायचे थांबले. पेपरात दुसऱ्यांचे फोटो येऊ लागले. एका मुलानं त्यांच्यासारखंच पाठ करून वळायला शिकून घेतलं होतं म्हणे. हे मला दुसऱ्यांकडून कळलं, मी घरात तो विषय कधी काढला नाही.

आमचं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. "एकदा सांगून टाका, नाहीतर मी सांगते," असं मी म्हणायची. ते म्हणायचे, "सांग. मग काय होईल? गुडघा येईल परत?" पण मला गुडघा नकोच होता. मला अण्णांची ती ओट्यावरची बढाई बंद व्हायला हवी होती. एवढ्या मोठ्या माणसाला रोज आतल्या खोलीत बसून स्वतःच्या नाशाची कौतुकं ऐकावी लागतात, हे मला बघवत नव्हतं. आणि त्याच अण्णांना मी रोज गरम भाकरी वाढत होते. ज्याच्यावर उघड रागावता येतं त्याला वाढणं सोपं असतं. हा राग सांगता येत नव्हता, म्हणून जास्त जाळायचा.

अशी वर्षं गेली. अक्का गेल्या. आमची मुलगी शाळेत जाऊ लागली. ती आम्हा दोघांवर गेली होती, वर्गात सगळ्यांत उंच. अण्णांची ती भारी लाडकी. मुलींना गरडीत येऊ देत नसत, पण हिच्यासाठी अण्णांनी रीत मोडली होती. रविवारी सकाळी पोरं गेली की ती तिथल्या दोराला लोंबकळायची. एका रविवारी दोर सुटला आणि ती हातावर पडली. गरडीतला एक पोरगा तिला उचलून घरी घेऊन आला. कोपर वाकडं झालं होतं. ती रडतसुद्धा नव्हती, नुसती पांढरी पडली होती.

अण्णा ओट्यावरच होते. ते लगबगीनं उठले, तेलाची वाटी घेतली, दोन्ही तळव्यांना तेल चोळलं आणि म्हणाले, "इकडे आण. काही नाही झालेलं. आत्ता बसवतो." मुलगी त्यांच्याकडे बघून हात पुढे करू लागली. तिचा त्यांच्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

मी काही बोलायच्या आत हे आतल्या खोलीतून बाहेर आले होते. एवढ्या भराभर ते इतक्या वर्षांत चालले नव्हते.

"अण्णा, हात लावू नका."

आवाज चढवला नव्हता. पण ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. अण्णांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. ते म्हणाले, "अरे, कोपर निसटलंय नुसतं."

"असेल. दवाखान्यात बघतील." ह्यांनी मुलीला उचललं, तो पाय ओढत पायऱ्या उतरले आणि जटक्याला हाक मारली. मी पदर खोचून मागे धावले. जटक्यात बसताना मी वळून पाहिलं. अण्णा तसेच उभे होते. तेल लागलेले हात पुढे धरलेले, ते कुठे पुसावेत हे त्यांना सुचत नव्हतं.

दवाखान्यात कोपराचं हाड मोडलेलं निघालं. ओढलं असतं तर हात कायमचा अधू झाला असता, असं डॉक्टर म्हणाले. वाटेत हे मुलीचं डोकं मांडीवर घेऊन थोपटत होते. त्यांना काय वाटत होतं ते मला आजही सांगता येणार नाही. माझं मला ठाऊक आहे. मला भीती वाटत होती. घरी जायची भीती.

परत आलो तेव्हा ओटा रिकामा होता. अण्णा आत, भिंतीला टेकून बसले होते. मुलीच्या हाताचं प्लास्टर त्यांनी बराच वेळ पाहिलं, बोट लावलं नाही. मग ह्यांना विचारलं,

"फरशी ओली होती ना रे?"

मी हातातलं काम टाकून उभी राहिले. इतकी वर्षं मी ज्या क्षणाची वाट पाहत होते तो समोर आला होता, आणि मला एकच वाटत होतं की ह्यांनी खोटं बोलावं. चांगलं ठासून बोलावं.

"हो अण्णा," हे म्हणाले. "ओली होती."

"सरी," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा निखळलेला एक हमाल आला. अण्णा बाहेर गेले नाहीत. थोड्या वेळानं ह्यांनीच त्या माणसाला हाताला धरून आत आणलं आणि म्हणाले, "अण्णा, ह्याचं बघा की. लांबून आलाय. तुमच्याशिवाय कोण करणार?" हमाल कण्हत होता. अण्णांनी लेकाकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे पाहिलं, आणि दोन्ही हात हळूच अंगावरच्या कांबळ्याखाली घेतले.